एक लांब, दोन आखूड

माझ्या उजव्या हाताच्या बोटाला दोरीचा घट्टा पडला आहे. खोटं वाटत असेल तर हात पुढे करतो, चाचपून पाहा. बावीस वर्षं मी लाल गाडीत कंडक्टर आहे आणि हा घट्टा म्हणजे माझी कमाई. गाडीच्या छताखालून जी दोरी जाते ती एकदा ओढली की ड्रायव्हरच्या डोक्याशी ‘टण्’ होतं आणि गाडी थांबते. दोनदा ओढली की ‘टण् टण्’ होतं आणि गाडी निघते. सिंगल बेल, डबल बेल. एवढ्या दोन शब्दांच्या भाषेत मी आणि माझा ड्रायव्हर अकरा वर्षं बोललो. तोंडानं बोलायचो ते फक्त चहाला थांबल्यावर, आणि तेही भांडायला.

या ड्रायव्हरला सगळा डेपो मामा म्हणतो. मला ते मास्तर म्हणतात. अंगानं थोराड, मिशा पिकलेल्या, आणि हॉर्नच्या बाबतीत कमालीचे कंजूष. हिंगोली-वसमत हा आमचा रस्ता, अधूनमधून जिल्ह्यातलंच गोरेगाव. वसमतहून परतताना हळदीच्या पोत्यांशेजारी बसून आलेली माणसं चढायची आणि आमच्या सीटा पिवळ्या व्हायच्या, त्यावरून मामा मला विचारायचे, “मास्तर, आज गाडीचं लगीन हाय का?” हा विनोद त्यांनी अकरा वर्षं केला आणि मी अकरा वर्षं हसलो. जोडी म्हणतात ती ही.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. ड्रायव्हर रिटायर होतो त्या दिवशी त्याची शेवटची फेरी असते. गाडीला झेंडूचे हार, दाराला केळीचे खांब. पुढच्या सीटवर बायको नवं लुगडं नेसून, मागे नातवंडं. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर लोक नारळ घेऊन उभे. डेपोत परत आल्यावर चाव्या द्यायच्या, गाडीच्या पाया पडायचं आणि उतरायचं. पगार, पेन्शन सगळं एकीकडे आणि ही फेरी एकीकडे.

मामांना ती मिळाली नाही. रिटायर व्हायला दहा महिने उरले असताना साखरेनं त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा बिघडवला. मेडिकलवाल्यांनी स्टेअरिंग काढून घेतलं आणि त्यांना टायर सेक्शनला बसवलं, टायरांचे नंबर लिहायला. शेवटच्या दिवशी हॉलमध्ये शाल, श्रीफळ, फोटो. मी शेजारी उभा होतो. साहेबांचं भाषण चालू होतं आणि मामा खिडकीतून बाहेर पाहत होते. बाहेर आमचीच वसमतची गाडी दुसरा कोणी घेऊन निघाला होता. मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “येडं क्लचवर पाय ठेवून गाडी चालवून राहिलं.” त्या दिवशी ते एवढंच बोलले.

त्यानंतर माझ्या सुट्टीच्या दिवशी ते आमच्या घरी यायचे आणि बसायचे. नुसते बसायचे. माझी बायको म्हणायची, “अहो, मामा थांब्यावर उभ्या गाडीवानी दिसतात.”

मग दिवाळीला माझी मुलगी पुण्याहून आली. ती तिथे नोकरी करते. तिच्या लॅपटॉपवर तिनं मामांना बसचा गेम दाखवला. बस खरीखुरी दिसते, आरसे, वायपर, गिअर, सगळं. मामांनी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि ती बस तीन-चार फूट पुढे नेली. पोरगी चार दिवसांनी लॅपटॉप घेऊन परत गेली. ज्या माणसानं आयुष्यात कोणाकडे बिडीसाठी काडी मागितली नाही, त्यानं मला विचारलं, “मास्तर, लेकराचं ते यंत्र पुन्ना कधी येणार हाय?”

आणि माझ्या जिभेला हाड नाही. डेपोच्या कँटीनमध्ये, पंधरा-वीस माणसांदेखत, मी बाकावर चढून जाहीर केलं, “मामांची शेवटची फेरी माझ्या बैठकीतून सुटणार! हिंगोली-वसमत! हार घालून! समद्यांनी यायचं!” टाळ्या पडल्या. मामा लाजले. कँटीनवाल्यानं मला फुकट भजी दिली. भजी संपेपर्यंत मला कळलं नव्हतं की मी काय बोलून बसलो.

कारण घरातला कॉम्प्युटर होता मुलीच्या अकरावीतला. टेबलाखालचा काळा डबा. त्यावर मी फक्त रजेचे अर्ज लिहायचो. गेम त्यात घातला तर गाडीचा आवाज वाटेतल्या औंढ्याला पोचायचा आणि चित्र अजून हिंगोलीच्या फाटकात. मामांनी ते पाहिलं, “डिझेलात पाणी हाय,” म्हणाले आणि सभ्यपणे चहा पिऊन गेले.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, चित्र काढायला वेगळं कार्ड लागतं. ग्राफिक कार्ड. मी पाठवते. पण आपला मदरबोर्ड फार जुना आहे, तो नव्या कार्डाला घेईल का, ते घातल्याशिवाय कळणार नाही.”

“घेईल!” मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो ते विचारू नका.

इकडे मामांना नांदेडच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली. बुधवार. त्यानंतर दोन महिने टीव्हीचा, कॉम्प्युटरचा पडदा म्हणून बघायचा नाही, आणि पुढे किती दिसेल याची हमी डॉक्टरही देत नव्हते. कार्ड आलं त्याआधीच्या शुक्रवारी. म्हणजे माझ्या हातात एकच रविवार होता.

मामा फक्त म्हणाले, “आदी फेरी मारू. मग त्यायला काय करायचं ते करू द्या.”

रविवारी सकाळी आठला ते हजर. खाकी पँट, खाकी शर्ट, कडक इस्त्री. रिटायर होताना कपडे परत द्यायचे नसतात हे किती बरं! हातात त्यांची पान्यांची पिशवी. मी कार्डाचं खोकं उघडलं आणि मंडळी, काय सांगू. विटेएवढं जड, काळंभोर, त्यावर दोन पंखे. मामांनी ते दोन्ही हातांत घेतलं, पंखा बोटानं हळूच फिरवला आणि म्हणाले, “रेडिएटर चांगला दिला.”

डबा उघडला. मुलीनं फोनवर सांगितलेली खाच सापडली, पण कार्ड आत जाईना. पुढे हार्ड डिस्क ठेवायचा पत्र्याचा पिंजरा आडवा. मी लगेच हात टेकले. मामांनी वाकून पाहिलं, चार स्क्रू काढले, पिंजरा बाहेर, हार्ड डिस्क खाली तळाला बांधली. इंजिनाखाली झोपून आयुष्य काढलेल्या माणसाला पत्र्याचा डबा म्हणजे काय! वीजपुरवठ्याचा जो आतला डबा असतो, एसएमपीएस म्हणतात तो, तो मी आदल्या दिवशीच मोठा आणून ठेवला होता. त्याची जाड वायर कार्डात खोचली. कार्डाची दुसरी वायर थेट बैठकीतल्या टीव्हीला. म्हणजे काच केवढी! बायको मालिकेच्या रविवारच्या पुनःप्रक्षेपणावर पाणी सोडून स्वयंपाकघराच्या दारात उभी.

“दाबू?” मी विचारलं.

“दाबा, मास्तर.”

दाबलं. पंखे फिरले! दिवा लागला! टीव्ही काळा. आणि डब्यातून आवाज आला, टूंऽऽऽ टुंक् टुंक्. थोडं थांबून पुन्हा, टूंऽऽऽ टुंक् टुंक्.

मी डोक्याला हात लावला. “गेलं. बोंबलून राहिलं ते. मेलं म्हणून समजा.” मुलीला फोन लावला, “बाबा, काय होतंय?” “ओरडतंय!” “कसं ओरडतंय?” “कसं म्हणजे? ओरडल्यासारखं!” माझ्याच्यानं याहून जास्त सांगवेना. ती म्हणे कार्ड काढून परत घाला. काढलं, घातलं. पुन्हा तेच. तीनदा केलं. बायको म्हणाली, “अहो, राहू द्या आता. त्याचा जीव चालला.”

मामा मात्र डोळे मिटून बसले होते. मला वाटलं वाईट वाटलं त्यांना. पण त्यांनी हात वर केला, बस थांबवायला करतात तसा.

“मास्तर, पुन्ना चालू करा. आन् गप बसा.”

चालू केलं.

“एक लांब, दोन आखूड,” मामा डोळे न उघडता म्हणाले. “मघाशी बी तेच. त्याच्या मागं बी तेच. एक लांब, दोन आखूड. मास्तर, गाडी बिघडली तर रोज येगळा आवाज करते. ह्ये ओरडणं न्हाई. ह्यो बेल देऊन राहिला.”

बावीस वर्षं बेल देणारा मी! आणि डब्यात बसलेला कंडक्टर इतका वेळ दोरी ओढून ओढून सांगतोय ते मला कळू नये! मी फोनवर किंचाळलो, “एक लांब! दोन आखूड!” पलीकडे मुलगीही किंचाळली, “बाबा, मग हे आधी का नाही सांगितलं! त्याचा अर्थ आहे. बोर्ड म्हणतोय की चित्राचं कार्ड मला ओळखू येत नाही. कार्ड मेलेलं नाही. बोर्डाचं बायोस जुनं आहे.”

बायोस म्हणजे काय ते तिनं सांगितलं, मी मामांना त्यांच्या भाषेत सांगितलं. समजा डेपोच्या फाटकावर एक म्हातारा वॉचमन आहे. त्याच्याकडे बारा वर्षांपूर्वीचं रजिस्टर. नव्या मॉडेलची गाडी आली की तो रजिस्टर चाळतो, नाव सापडत नाही, फाटक लावून घेतो. गाडी ठणठणीत, फाटकही ठणठणीत.

“मग रजिस्टर नवं द्या त्याला,” मामा म्हणाले.

अगदी तेच करायचं होतं. कार्ड काढलं. माळ्यावरचा जुना मॉनिटर खाली आणला आणि बोर्डाच्या स्वतःच्या जुन्या खाचेत लावला, तर अक्षरं दिसली. मुलीनं बोर्डावर छापलेला नंबर विचारला. तो इतका बारीक की मी चष्मा लावून, बायकोनं बॅटरी धरून आणि मामांनी आपल्या डाव्या डोळ्यानं मिळून वाचला. तिनं नवी बायोस फाइल माझ्या फोनवर पाठवली, मी ती पेनड्राइव्हवर घेतली आणि मेनूत शिरलो. तेवढ्यात तिचा आवाज एकदम गंभीर झाला.

“बाबा, आता नीट ऐका. हे चालू असताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा बंद. मग कार्ड कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही.”

हिंगोलीत राहणाऱ्या माणसाला असं सांगायचं म्हणजे काय! आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग हालचाली सुरू झाल्या. घरातला इन्व्हर्टर ओढत आणला, डबा आणि मॉनिटर त्याला जोडले. पंखे बंद, फ्रिज बंद. बायकोनं मिरच्या आणि लसूण मिक्सरच्या भांड्यात भरून ठेवले होते, मी त्या भांड्यावर अक्षरशः झडप घातली.

“एवढ्यासाठी जेवण थांबवायचं व्हय?” ती म्हणाली.

“वैनी,” मामा हात जोडून म्हणाले, “दहा मिंटं. माझ्यासाठी.”

तिनं मिक्सरची पिन काढली आणि पदरात बांधून घेतली. “आता कोणाच्या बापाला चालू करता येणार न्हाई. करा तुमचं.”

मी बटण दाबलं. पडद्यावर एक पांढरी रेघ सरकू लागली. दहा टक्के. बावीस. छत्तीस. मामा इन्व्हर्टरच्या वायरीशेजारी मांडी घालून बसले, कोणाचा पाय अडकू नये म्हणून दोन्ही हात पसरून. एकेचाळीसला बाहेरची लाइट खरंच गेली! गल्लीतल्या सगळ्या घरांतून एकच “हाऽऽ” असा आवाज आला. इन्व्हर्टर ‘टक्’ झाला. मॉनिटर लुकलुकला. माझं काळीज चपलेत गेलं.

रेघ बेचाळीसवर होती. मग त्रेचाळीस.

बायकोनं पदराची गाठ घट्ट धरली होती. शंभरावर रेघ पोचली, डबा आपोआप बंद झाला, आपोआप चालू झाला आणि अक्षरं परत आली. मी मामांना मिठी मारायला गेलो तर ते म्हणाले, “थांबा, आजून पासिंग न्हाई झाली.”

कार्ड परत घातलं. पिंजऱ्याविना, जाड वायर खोचून, टीव्हीला जोडून. आता खरी वेळ. मी देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं. पंखे फिरले. दिवा लागला. आणि डब्यातून आवाज आला.

टुंक्.

एकच.

मामांचा हात विजेसारखा पुढे गेला आणि त्यांनी मेन बटण बंद केलं. एवढंच नाही, उजव्या पायानं त्यांनी फरशीवर करकचून ब्रेक दाबला. तो मी डोळ्यांनी पाहिला.

“काय झालं?” बायको.

“सिंगल बेल दिली ना,” मामा.

“सिंगलच होती,” मी मान डोलावली. “थांब म्हणाला.”

आम्हां दोघांना त्यात काही वावगं वाटलंच नाही! पुन्हा चालू केलं. टुंक्. यावेळी मीच बंद केलं. तिसऱ्यांदा चालू केलं. टुंक्. मामांनी बंद केलं. मग आम्ही दोघंही भिंतीला टेकून बसलो. मघाशी निदान तीन आवाज होते, काहीतरी सांगत होता. आता नुसतं थांब, थांब, थांब. मामा खिशातून रुमाल काढून पाना पुसू लागले, सामान आवरायला घेतात तसे. म्हणाले, “जाऊ द्या मास्तर. नशिबातच न्हाई ती फेरी. चहा टाकायला लावा.”

मी पडेल आवाजात मुलीला फोन केला. “न्हाई घेत बाई. थांब म्हणतंय.”

“थांब म्हणतंय? म्हणजे?”

“एकच बेल देऊन राहिलं. तीनदा दिली. तीनदा बंद केलं आम्ही.”

पलीकडे ती इतकी हसायला लागली की मला वाटलं फोन खराब झाला. “बाबा! एक आवाज म्हणजे सगळं ठीक आहे! एक म्हणजे निघा! बंद कशाला करताय, चालू राहू द्या ना!”

मी फोन छातीशी धरला. मामांकडे वळून म्हणालो, “एक म्हणजे निघा म्हणते.”

“एक म्हणजे निघा?” मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “कोण्या डेपोत?”

मामांनी हात मागे बांधून घेतले, भरवसा नको म्हणून. मी बटण दाबलं. टुंक्. माझ्याही हाताला खाज सुटली, खोटं कशाला सांगू. मी तो हात मांडीखाली दाबून बसलो. एक, दोन, तीन, चार... आणि टीव्हीवर उजेड आला! सगळ्या भिंतीएवढा निळा उजेड! मी उडी मारली, ती थेट पान्यांच्या पिशवीवर. बायकोनं गाठ सोडून मिक्सरची पिन हवेत फेकली. मामा बसल्या जागी फक्त एवढंच म्हणाले, “घेतलं की ओ त्यानं.”

तासाभरात बैठक भरली. डेपोतली सहा-सात माणसं आली, मामी नवं लुगडं नेसून आल्या आणि पुढच्या खुर्चीवर बसल्या. बायकोनं टीव्हीला झेंडूचा हार घातला. मुलीनं कुरियरमधून प्लॅस्टिकचं स्टेअरिंग आणि पायानं दाबायचे क्लच-ब्रेकही पाठवले होते. ते स्टूलला बांधलं. तिनं पुण्यात बसून गेममधली बस लाल करून फोनवर पाठवली होती आणि पाटीवर लिहिलं होतं, हिंगोली-वसमत. पाटी दिसताच मामी “अगं बाई” म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला.

मामा बसले. आरसे पाहिले. डाव्या डोळ्यानं काच जोखली, खुर्ची वीतभर पुढे ओढली. इंजिन सुरू केलं. आणि चित्र कसं चालत होतं म्हणता! धूर, ऊन, पानं, समोरच्या गाडीच्या काचेत आमचीच गाडी. कुठे अडकणं नाही, थांबणं नाही.

“रस्ता कुठला हाय ह्यो?” एकानं विचारलं.

“एक बी खड्डा न्हाई,” मामा म्हणाले, “परदेशातला असंल. पाटी आपली हाय, चालतंय.”

सगळे हसले आणि मग वाट पाहू लागले. इंजिन घुरघुरत होतं. मामांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, पाय क्लचवर, नजर समोर. गाडी जागची हलेना. मिनिट गेलं. दोन गेली. कार्ड अडकलं की काय?

“मामा, काहून थांबलात?” मी हळूच विचारलं. “काही तकलीफ?”

त्यांनी मान वळवली नाही. “बेल कुठं दिली तुमी?”

मी स्वयंपाकघरात धावलो. हाताला लागली ती स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन त्यांच्या मागे उभा राहिलो, अकरा वर्षं उभा राहायचो तिथेच. “दार लावलं का?” मामांनी विचारलं. “लावलं,” मी म्हणालो. आणि चमचा वाटीवर मारला. टण् टण्.

गाडी निघाली. अशी अलगद निघाली की मामींच्या हातात कप असता तरी चहा हलला नसता, आणि टीव्हीतली गाडी असूनही मी सवयीनं वरची दोरी धरायला हात वर केला.

मामांनी वळणं घेतली, चढ चढले, पूल ओलांडला. प्रत्येक थांब्यावर कोणीतरी ओरडायचं, “औंढाऽऽ उतरा औंढाऽऽ,” मग मी एक टोला द्यायचो, मामा थांबायचे, दोन टोले द्यायचो, मामा निघायचे. स्वयंपाकघरात भात तयार होता. बायको दारातून मला हातानं खुणावत होती, आटपा, जेवायचंय. समोर शेवटचा थांबा दिसू लागला. मामांनी आरशात पाहिल्यासारखं केलं.

“मास्तर, वसमत आलं. बेल द्या.”

इथे सिंगल बेल दिली की फेरी संपणार होती. मी वाटी उलटी करून मांडीवर ठेवली आणि चमचा खिशात घातला.

“कोणी उतरणारच न्हाई, मामा. जाऊ द्या पुढं.”

मिशा हलल्या. त्यांनी गिअर टाकला आणि थांबा मागे गेला.